मस्टरवर हजर

हिलाल आबांनी एकतीस वर्षांत एकही खाडा केला नाही, याचं नांदखेडे गावाला कधीच कौतुक नव्हतं. पाणी सोडणाऱ्यानं रोज यायचंच असतं, त्यात कौतुक कसलं? उलट एखाद्या दिवशी खालच्या गल्लीला धार बारीक आली, की बायका हंडे खाली ठेवून आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पाचोऱ्यापासून बारा किलोमीटरवरचं गाव. पाण्याची एक टाकी, सहा वॉल, आणि ते फिरवायला एकच वॉलमन. आबा रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले आणि सहा वर्षांपूर्वी साठी भरली तेव्हा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सरपंचांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते आठ दिवस चाललं.

कौतुक सुरू झालं ते पुण्याहून, आणि तेही मोबाईलवर.

आबांचा मुलगा योगेंद्र पुण्याच्या एका मोठ्या कंपनीत होता. माणसं निवडायची, त्यांना कामाला जुंपायचं आणि वेळ आली की गोड बोलून घरी पाठवायचं, हे त्याचं खातं. त्याला लिहायचा नाद होता. दोन हजार तेवीसच्या दिवाळीच्या आगेमागे एका बड्या उद्योगपतींनी सांगितलं, की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. झालं. ज्याच्या हातात मोबाईल तो न्यायाधीश. कुणी म्हणालं, बरोबर आहे, हल्लीची पोरं आळशी झालीत. कुणी म्हणालं, आधी पगार वाढवा, मग तास सांगा. त्या गदारोळात योगेंद्रनं फेसबुकवर बापाचा फोटो टाकला. आबा वॉलची लांब लोखंडी चावी खांद्यावर घेऊन उभे आहेत आणि खाली लिहिलंय, ‘माझे वडील. एकतीस वर्षं. एकही खाडा नाही. तास मोजणाऱ्यांनी जरा इकडे बघावं.’

शहरातल्या लोकांना ‘खाडा’ हा शब्द भारीच आवडला. सुट्टी म्हटलं की त्यांना गोवा आठवतो, रजा म्हटलं की अर्ज आठवतो. खाडा म्हटल्यावर मजुराचा बुडालेला दिवस डोळ्यांपुढे येतो, आणि तो त्यांनी कधी पाहिलेला नसतो. पोस्ट हजारो लोकांनी पुढे पाठवली. ‘असे बाप आता होणे नाही,’ ‘साष्टांग दंडवत,’ ‘या मातीचा माणूस.’ गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांनी आबांना बोलावून शाल-नारळ दिला. तेवढ्यावर न थांबता तो फोटो मोठा करून व्हरांड्यात टांगला, आणि गैरहजर राहिलेल्या पोरांना ते त्या फोटोसमोर उभं करायला लागले. गावातली पोरं आबांना बघून गल्ली बदलायची. आबांना त्याचं हसू यायचं.

पण आबांना त्या पोस्टमुळे जे मिळालं ते शाल-नारळाहून मोठं होतं. त्यांची बायको प्रमिलाबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी रूपा धुळ्याला दिलेली, तिचा तिला संसार. योगेंद्रचा फोन महिन्याकाठी एखादा यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवतो. पोस्ट गाजली आणि दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायला लागला. ‘आबा, पावसाळ्यात चेंबर चिखलानं भरायचं तेव्हा काय करायचात?’ ‘आबा, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पाणी सोडलं होतंत का?’ लग्न झालं तेव्हा आबा नोकरीलाच नव्हते, पण प्रश्न विचारला गेला याचाच आनंद इतका, की त्यांनी तोही हसून साजरा केला. अर्धा तास, कधी पाऊण तास. आबा नऊ वाजल्यापासून आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसायचे. फोनवर टोपी दिसत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी घालायचे.

सव्वा वर्ष असं गेलं. बाप-लेक आजवर जेवढे बोलले नव्हते तेवढे त्या रविवारांत बोलले, आणि बोलणं काय, तर सगळं वॉलचं आणि पाइपांचं. एकदा योगेंद्रनं विचारलं, “पण आबा, खरंच एकही नाही? आजारीबिजारी कधी पडलाच नाहीत?”

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, “मस्टर देखी ले. एक बी खाडा नही.”

ते खोटं नव्हतं. मस्टरवर खरोखरच एकही खाडा नव्हता.

मग वारं फिरलं. कुठल्याशा शहरात नुकती नोकरीला लागलेली एक मुलगी कामाच्या ताणानं गेली, अशी बातमी आली. लोक हळहळले. काही महिन्यांनी आणखी कुणा साहेबांनी रविवारीही कामावर या म्हटलं, तेव्हा मात्र लोक खवळले. काल सत्तर तासांचे पोवाडे गाणारे आज ‘आधी आयुष्य, मग काम’ असं लिहायला लागले. काही ठिकाणी तर माणूस तोच, फोटो तोच, चष्मासुद्धा तोच. फक्त खालची ओळ बदललेली. अशा वेळी कुणाला तरी धोपटायला लागतं. साहेब लोक लांब बसलेले, त्यांना काही लागत नाही. मग कुणीतरी योगेंद्रची जुनी पोस्ट उकरून काढली. ‘एकतीस वर्षं खाडा नाही, मग घरी कोण होतं? त्यांच्या बायकोला कुणी विचारलं? मुलांना विचारलं?’ प्रतिक्रियांचा पाऊस पडला. त्यातल्या एका वाक्यावर सगळ्यांत जास्त बदाम आले: ‘गावाला पाणी पाजलं, पोराला तहानलेलं ठेवलं.’

एव्हाना आबा फोनवर वाचायला शिकले होते. स्वतःचं कौतुक वाचायच्या हौसेनंच शिकले होते, हेही सांगून टाकायला हवं. आता त्याच चष्म्यातून त्यांनी हे वाक्य वाचलं. दोनदा वाचलं. लिहिणारा कुणी नाशिकचा होता, कुत्र्याला मांडीवर घेऊन बसलेला. त्याच्यावर आबांना राग आला नाही. त्यांना एवढंच कळेना, की याला काय माहीत.

त्या आठवड्यापासून रविवारचा फोन बंद झाला. पहिल्या रविवारी आबांना वाटलं, रेंज नसेल. दुसऱ्या रविवारी वाटलं, पाहुणे आले असतील. तिसऱ्या रविवारी ते अकरापर्यंत ओट्यावर बसले, मग टोपी काढून खुंटीला अडकवली आणि शेंगदाणे सोलत बसले. हेडमास्तरांनी व्हरांड्यातला फोटो उतरवला. आबांनी विचारलं नव्हतं तरी आपण होऊन म्हणाले, “रंगकाम काढलंय आबा, म्हणून.” रंगकाम काही निघालं नाही.

आणि मग योगेंद्रची नवी पोस्ट आली. आखाजीच्या सणाला रूपा दोन दिवस माहेरी आली होती, तेव्हा तिनं फोनवर काहीतरी वाचलं आणि तो घाईनं पिशवीत टाकला. आबांनी विचारलं, काय गं? “काही नाही,” म्हणाली. ती धुळ्याला परत गेल्यावर आबांनी स्वतःच शोधून वाचली.

‘माझ्या वडिलांनी एकही खाडा केला नाही, हे मी अभिमानानं लिहिलं होतं. आज खरं लिहितो. मी सात वर्षांचा होतो. मुदतीच्या तापानं जळगावच्या दवाखान्यात नऊ दिवस पडून होतो. डोळे उघडत नव्हते. एवढंच आठवतं, की रात्रंदिवस माझ्या मुठीत आईचं बोट होतं. काम करून घट्टे पडलेलं, खरखरीत बोट. नऊ दिवस आई जागची हलली नाही. वडील गावाला पाणी सोडत होते. त्या नऊ दिवसांत त्यांनी एक खाडा केला असता, तर आज मला वडील असते. मित्रांनो, खाडा करा.’

पहिल्या पोस्टपेक्षा ही जास्त गाजली. लोक सुट्टी घेऊन बायकोमुलांबरोबर फोटो टाकायला लागले आणि खाली लिहायला लागले, ‘आज आमचा खाडा.’ कुणी त्या शब्दाचे बनियन छापले. ज्या मजुराचा खाडा म्हणजे अर्धी भाकरी कमी, त्याला हे बघून काय वाटलं असतं देव जाणे. योगेंद्रला कॉलेजांतून भाषणांची बोलावणी येऊ लागली.

आबांनी फोन पालथा ठेवला आणि आपल्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे बघत राहिले. प्रमिलाबाईंच्या बोटाला घट्टे नव्हते. त्या घरकाम करायच्या, शेतात निंदायला जायच्या, पण त्यांचा हात मऊच होता; सगळ्या भावकीत त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची. घट्टे वॉलच्या चावीनं पडतात, आणि ती चावी घरात एकाच माणसाच्या हातात होती.

त्याचं असं झालं होतं. आबा तेव्हा रोजंदारीवर होते. आठ वर्षं घासल्यावर त्या वर्षी नाव कायम होणार होतं, आणि खाडे पडले तर ते गळणार, असं ग्रामसेवकांनी साफ सांगितलं होतं. त्यातच योगेंद्रला ताप भरला. रूपा चार महिन्यांची, अंगावर पिणारी. एवढं तान्हं लेकरू वॉर्डात आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मग प्रमिलाबाई घरी राहिल्या आणि आबा पोराला खांद्यावर टाकून जळगावच्या एसटीत बसले. ग्रामपंचायतीचा शिपाई भिकन, आबांचा लंगोटीयार. मस्टर त्याच्याकडे असायचं. तो एवढंच म्हणाला, “तू जाय. पाणीनं मी देखस.” नऊ दिवस भिकननं सहा वॉल फिरवले, आणि नऊ दिवस मस्टरवर हिलालची हजेरी लावली. गावाला पाणी मिळत होतं, तेव्हा ते कोण सोडतंय हे बघायला कुणी आलं नाही.

आबा नऊ दिवस खाटेजवळ स्टुलावर बसले. पोराच्या कपाळावर पट्ट्या बदलल्या. सलाईनचा हात तो झटकायचा म्हणून धरून ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट पोराच्या मुठीत होतं. ते काढलं की पोरगं ग्लानीतही रडायचं, म्हणून आबांनी डाव्या हातानं जेवण केलं, तेही बसल्या जागी. पोरगं ते बोट धरून ‘माय, माय’ म्हणायचं. आबा म्हणायचे, “हा बेटा, अठेच शे.” आपण माय नाही, असं त्यांनी त्याला सांगितलं नाही. त्या वेळी ते महत्त्वाचंही नव्हतं. दहाव्या दिवशी ताप उतरला, प्रमिलाबाई सासूजवळ तान्हीला ठेवून धावत आल्या, आणि पोरानं डोळे उघडले तेव्हा त्याला समोर आई दिसली. आबा त्याच दुपारच्या एसटीनं गावाला परतले, कारण भिकनला ताप आला होता.

पुढे आबांनी बायकोला शपथ घातली. ही गोष्ट कुणापुढे काढायची नाही, पोरापुढेसुद्धा नाही. पोराच्या तोंडात तीळ भिजत नाही. भिकनची नोकरी गेली असती, आबांचं नाव गळलं असतं. वर्षं गेली, भीती गेली, पण शपथ तशीच राहिली. आणि खरं सांगायचं तर सांगायची सवयच राहिली नाही. त्या घरात कुणी कुणाला ‘मी तुझ्यासाठी अमुक केलं’ असं म्हणत नसे. प्रमिलाबाई असत्या तर ही पोस्ट वाचून त्यांनी शपथ मोडली असती आणि एका वाक्यात पोराचे कान उपटले असते. पण त्या नव्हत्या. ज्या नऊ दिवसांच्या जोरावर आबांनी स्वतःला बाप म्हणवून घेतलं होतं, ते आता दुसऱ्याच्या नावावर जमा झाले होते, आणि तेही बायकोच्याच. भांडायचं तरी कुणाशी?

त्यांनी योगेंद्रला फोन लावला. दुपारची वेळ होती.

“आबा, मीटिंगमध्ये आहे. बोला लवकर.”

“ते तू लिखेल शे ना… दवाखानानं…”

“अहो, ते मनावर घेऊ नका,” योगेंद्र आवाज खाली आणत म्हणाला. “ते तुमच्याविषयी नाहीये, त्या विषयाविषयी आहे. आता वातावरण तसं आहे. तुमच्या वेळी तुम्हाला जमलं तसं तुम्ही केलंत, माझी काही तक्रार नाही. संध्याकाळी करतो फोन.”

संध्याकाळी फोन आला नाही. आला असता तर त्या दिवशी आबांनी सांगितलंही असतं. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, विषय जुना झाला. माणूस वाट बघत असला की विषय जुना होत नाही, फक्त तोंड जड होतं.

त्या आठवड्यात आबा घराबाहेर फार पडले नाहीत. भाकरी एकाच वेळी करायचे आणि दोन वेळा खायचे. पिठाच्या गिरणीवर एक पोरगा दुसऱ्याला हळूच म्हणाला, “हाई तोच, पोऱ्याले तान्हेला ठेवनारा,” आणि आबांनी दळण तसंच ठेवून घर गाठलं. ते दळण संध्याकाळी भिकन घेऊन आला.

भिकन आता गुडघ्यांनी अधू झाला होता, तरी तोंडानं शाबूत होता. त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली आणि बसकण मारली.

“मना नातूनी वाची दावं माले बठ्ठं,” तो म्हणाला. “तू कसाले गप बसना? सांगी टाक ना.”

“मस्टरनं काय?” आबा म्हणाले. “तुनं नाव निंघी.”

“मस्टर ते उधई खाई गयी व्हई. आते मनं कोन काय करस? मना एक पाय आते मसनमा शे.” मग त्यानं गल्लीत कुणी आहे का ते बघितलं. नोकरी संपून दहा वर्षं झाली तरी शिपायाची भीती जात नाही. “पन एक शे. पोऱ्याले सांग. पोऱ्याले सांगानं, जगले नही. माले गावमा तोंड दखाडनं शे.”

“जगले कसाले सांगू?” आबा म्हणाले. “माले फक्त त्याले सांगनं शे.”

त्या रविवारी भिकन मुद्दाम आला, आबांनी पळ काढू नये म्हणून पहारा द्यायला. दहा वाजले होते. आबांनी फोन लावला, आणि आश्चर्य म्हणजे दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

“बोला आबा. आज निवांत आहे. मेघा पोरांना घेऊन पोहायला गेलीय.”

निवांत आहे, हे ऐकताच आबा सरसावून बसले. त्यांनी पाठ केलेलं सगळं विसरून एकदम सांगून टाकलं. “बेटा, तू दवाखानामा व्हता ना जळगावले, तठे मी व्हतू. तुनी माय नही. मी. नऊ दिन.”

 आबांना वाटलं, फोन कटला.

“योगेंद्र?”

“तुम्ही?” तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. पुण्याचा साहेब कुठे गेला आणि कुणीतरी लहान उरलं. “पण मला आई… आबा, ते बोट…”

“मनं व्हतं ते बोट.”

 आबांनी डोळे मिटले. श्वास ऐकू येत होता, नाक ओढल्याचा आवाज ऐकू आला. पोरगं रडत होतं. बापाला पोराच्या रडण्यानं बरं वाटावं हे काही चांगलं नाही, पण आबांना बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एका खाटेजवळ होते. भिकन समोर मान हलवत बसला होता, सांग, पुढे सांग, असं हातानं खुणावत.

“आधी का नाही सांगितलंत?” योगेंद्र म्हणाला. “मी काय काय लिहिलं… आबा, थांबा. एक मिनिट थांबा.”

आणि मग फोनमधून एक बाई बोलली. स्वच्छ, अनोळखी, इंग्रजीत. ‘धिस कॉल इज नाऊ बीइंग रेकॉर्डेड.’

“हाई कोन बाई बोलनी?” आबांनी विचारलं.

“काही नाही, रेकॉर्डिंग लावलंय.” योगेंद्रचा आवाज सावरला होता. रडणं अजून होतं त्यात, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी घाईला आलं होतं. “लोकांना हे कळलं पाहिजे आबा. माझ्यामुळे तुमची बदनामी झाली, ती मलाच धुऊन काढायची आहे. केवढी मोठी गोष्ट आहे ही, तुम्हाला कल्पना नाही. ज्या माणसाला सगळ्यांनी नावं ठेवली त्यानंच खाडा केला होता, आणि तो लपवला होता. हं, सांगा. अगदी पहिल्या दिवसापासून सांगा. सगळं सांगा, मला वेळ आहे.”

मला वेळ आहे. आबा हे वाक्य ऐकायला दोन अडीच महिने ओट्यावर बसले होते. त्याआधीही बसले होते, तीसेक वर्षं, फक्त ओट्यावर नव्हे. पहिला दिवस त्यांच्या ओठांवर आला होता: एसटीत पोराचं डोकं खांद्यावर किती तापलं होतं ते. त्यांनी भिकनकडे बघितलं. भिकनला रेकॉर्डिंग कळलं नव्हतं, बाईचा आवाज तेवढा ऐकू गेला होता आणि तो घाबरून विचारत होता, कोण, कोण?

पोरगा मुलाच्या भावनेनंच ऐकायला बसला होता, यात आबांना शंका नव्हती. पण तो एकटा बसला नव्हता. त्याच्या मागे ते सगळे येऊन उभे राहिले होते, बदाम देणारे, दंडवत घालणारे, तो कुत्रावाला. आज ते आबांना उचलून धरतील. मग कुणीतरी विचारेल, मस्टरवर खोटी हजेरी कुणी लावली? आणि वारं फिरायला काय लागतं?

“आबा? सांगताय ना?”

“काय सांगू रे,” आबा म्हणाले. “मस्टरवर काय शे?”

“मस्टरवर? तुम्हीच तर म्हणाला होतात, एकही खाडा नाही. रोज हजर.”

“मंग मी गावमाच व्हतू.”

“म्हणजे?” योगेंद्र गोंधळला. “आत्ता तर तुम्ही म्हणालात…”

“म्हातारा मानूस शे. मनी याद आते चुकस. तुनी मायनंच बोट व्हई ते. तीच व्हती.”

“आबा, नीट आठवा. हे महत्त्वाचं आहे.”

“आठेल शे,” आबा म्हणाले. “मी पानी सोडी ऱ्हायंतू.”

पलीकडून एक लांब श्वास आला. त्यात राग नव्हता, निराशाच होती, आणि थोडी कीव. म्हाताऱ्या बापाला आता बरं म्हणवून घ्यावंसं वाटतंय, ही कीव. ती आबांना स्पष्ट ऐकू आली.

“ठीक आहे आबा,” योगेंद्र मऊपणानं म्हणाला. “असं काही मनात आणत जाऊ नका. मी रागावलेलो नाहीये तुमच्यावर. जेवलात?”

“जेवनू.”

“गोळ्या घ्या वेळेवर. ठेवतो.”

फोन बंद झाला. साडेदहासुद्धा वाजले नव्हते. भिकन तोंड उघडं टाकून बघत होता. ती बाई कोण ते आबांनी त्याला सांगितलं, आणि तो आबांवर असा भडकला जसा आजवर कधी भडकला नव्हता.

“येडा का तू? पोऱ्या रडी ऱ्हायंता तुना! मी आयकं! ती बाईले बंद कर, मंग सांगस, इतलं सांगाले तुले काय व्हतं? तो बंद करता ना!”

“करता,” आबा म्हणाले.

“मंग?”

आबांनी फोन पुसला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्यांनी गल्लीकडे बघितलं. कुणीच येत-जात नव्हतं.

“बंद करीसन बी तो आयकत बसता का नही,” ते म्हणाले, “ते माले समजी जातं ना भिकन. नहीच समजनं, ते बरं.”

 थोड्या वेळानं भिकननं आबांना विचारलं, भाकर टाकेल शे का, आणि नाही म्हटल्यावर गुडघे धरत उठून आत पीठ मळायला गेला.